संदल, सडा आणि सरोवर: गंधकलेच्या पुस्तकाची प्रस्तावना

रंगपंचमीच्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईहून सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे संदल निघतो. उगाळलेलं चंदन उंटिणीवर ठेवलेलं असतं आणि तिच्या मागेपुढे माणसांचा लोंढा. त्याआधी होळीच्या दिवशी याच परिसरात नारळांची होळी पेटलेली असते. भाविक अंगावरून उतरवलेले नारळ तिच्यात टाकत राहतात. शेंडी आधी पेटते, मग करवंटी तडकते, मग खोबऱ्याचं तेल आगीत उतरतं आणि धुराला एक जाड, तेलकट वास येतो. तो कपड्यांत, केसांत, चुलीवरच्या भांड्यांत शिरतो. यात्रेकरूंच्या राहुट्यांमध्ये तो मुक्कामालाच असतो. त्या वासावर काही दिवसांनी चंदन येतं. आधी जळलेलं, मग थंड. आधी सगळ्या माळावर पसरलेलं, मग एका पात्रात गोळा झालेलं. हा क्रम ज्यांनी बसवला त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांना नाकाची समज होती एवढं नक्की.

सार्वजनिक जागेत वासाचा वापर कलेचं माध्यम म्हणून कसा होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत त्यावर सलग लिहिलेलं फार थोडं आहे, त्यामुळे प्रस्तावना युरोपातल्या कलादालनांपासून सुरू करावी असा मोह कुणालाही होईल. मी ती सैलानीपासून सुरू केली, कारण माझं म्हणणं तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं. वासाची सार्वजनिक कला आपल्याकडे नव्याने यायची नाही. ती आहे, रोज चालू आहे आणि तिचे कारागीर आपल्या गल्लीत राहतात. आपण मात्र कला म्हणून नेहमी डोळ्याच्या वाट्याचं तेवढं उचललं आणि नाकाच्या वाट्याचं कुठे श्रद्धेत टाकलं, कुठे घरकामात, कुठे धंद्यात.

संदलाच्या मिरवणुकीकडे थोडं कारागिराच्या नजरेनं पाहू. चंदनाच्या वासातला मुख्य घटक सॅन्टॅलॉल. त्याचे रेणू जड असतात, ते हळूहळू उडतात. त्यामुळे कपाळाला लावलेलं चंदन संध्याकाळपर्यंत टिकतं, पण दहा पावलांवरच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. लोबानाचं उलट. निखाऱ्यावर लोबान टाकला की क्षणात धूर उठतो, डोक्यांवरून पसरतो, रस्त्याच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत जातो आणि तितक्याच लवकर विरतो. मिरवणुकीत हे दोन्ही एकत्र असले की दोन वर्तुळं तयार होतात. बाहेरचं वर्तुळ वास स्वतः चालत येऊन तुम्हाला गाठतो ते. आतलं वर्तुळ तुम्हाला स्वतः गाठावं लागतं. धूर सांगतो की संदल जवळ आला. चंदन मिळवायला मात्र पुढे सरकावं लागतं, हात लांबवावा लागतो. गर्दी पुढे का रेटते याचं अर्धं उत्तर भक्तीत असेल, पण अर्धं या अंतरात आहे. दूरचा वास आणि जवळचा वास अशी रचना करून माणसांना जागेतून हलवणं हे आजचे गंधकलावंत मोठ्या प्रयत्नानं साधतात. इथे ते वहिवाटीनं चालत आलं आहे.

साहित्यही पाहण्यासारखं आहे. नारळ इथला नाही, तो किनाऱ्यावरून येतो. लोबान त्याहून लांबचा, मुख्यतः सुमात्रा आणि आग्नेय आशियातल्या झाडांचा डिंक. चंदन मात्र याच डोंगरांचं. अजिंठ्याच्या रांगेत आणि घाटाखालच्या बरड जमिनीत ते आपलं आपण उगवतं. झाड अर्धपरजीवी: लहानपणी शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी घेतल्याशिवाय तगत नाही. वास असतो तो आतल्या गाभ्याला, आणि गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. चांगला भरायला त्याहून जास्त. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे चंदन परवानगीशिवाय तोडता येत नाही, तरी रातोरात बुंधे कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हे सांगायचं कारण असं की गंधकलेला तिचं साहित्य जमिनीतून मिळतं. रंग कारखान्यातून आणता येतात. डोंगरातलं चंदन संपलं तर दर्ग्यावर लेप चढेल, पण तो कुठल्या तरी बाटलीतला असेल. त्या दिवशी मिरवणूक तीच दिसेल, छायाचित्रं तीच निघतील आणि कलाकृती मात्र बदललेली असेल.

सैलानीबद्दल लिहिताना एक गोष्ट न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. मानसिक आजाराची माणसं तिथे मोठ्या संख्येनं आणली जातात. धूर, चंदन आणि गर्दी यांचा मनावर परिणाम होतो यात शंका नाही, पण परिणाम म्हणजे उपचार नव्हे. त्या माणसांना डॉक्टर हवा, औषध हवं आणि माणसासारखी वागणूक हवी. इथे वासाचं जे कौतुक आहे ते कलेचं आहे. त्यातून कुणी बरं होतं असा दावा पुढच्या एकाही पानावर नाही.

आता दुसरा धागा, आणि तो मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होते. १९१९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी तिथे हस्तलिखितं सांभाळली आणि त्यांतून पान, घोडा, चणे, पतंग, अत्तर अशा रोजच्या वस्तूंचा इतिहास लिहिला. त्यांच्या हाती एक पोथी लागली. तिच्यात गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ होता आणि त्याच्यासोबत ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ, ज्याच्या कर्त्याचं नाव नाही. या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस सुगंधी द्रव्यांच्या कृती मराठीत समजावून सांगत होता. कुणासाठी? संस्कृत पंडिताला मराठीची गरज नव्हती. ती टीका बहुधा खलबत्ता हातात असलेल्यासाठी होती. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं आर. टी. व्यास यांच्या संपादनाखाली छापले. आपल्या कलाशिक्षणात त्यांचं नाव कुठे ऐकू येत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

‘गंधसारा’त द्रव्यांवर करायचे सहा संस्कार सांगितले आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्ण रसात भिजवत ठेवणं, शिजवणं, दबलेला वास जागा करणं, एका तीव्र द्रव्यानं दुसऱ्याला भेदणं, धुरी देणं आणि शेवटी ताज्या फुलांच्या संगतीत ठेवून त्यांचा वास उतरवून घेणं. ही पायऱ्यांची उतरंड वाचली की कळतं, वासाचा विचार या लोकांनी काळात केला होता. कोणता वास आधी यावा, कोणता मागे रेंगाळावा, कोणता कशाला उठाव देईल. त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’तल्या गंधयुक्तीच्या अध्यायात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून किती मिश्रणं होतात याचा हिशेब केला. निवडी होतात १,८२०. आणि प्रमाण बदलत गेलं तर सुगंध होतात १,७४,७२०. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त विलेपन आणि धूप यांना राजाच्या उपभोगांत स्वतंत्र जागा दिली. पण या ग्रंथांचं जग दरबाराचं, देवघराचं आणि अंतःपुराचं आहे. रस्त्याचं नाही. रस्त्यावरची विद्या कुणी लिहून ठेवली नाही, आणि या पुस्तकाची गरज तिथे निर्माण होते.

माणसानं न रचलेल्या, पण रचल्यासारख्या वाटणाऱ्या एका जागेकडे आता वळतो. याच जिल्ह्यातलं लोणार. उल्केच्या आघातानं बेसॉल्टच्या खडकात झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी, ज्याचा सामू दहाच्या आसपास राहतो. जगभरचे लोक ते पाहायला येतात. पाहायला हे क्रियापदच तिथे अपुरं पडतं. लोणार उतरत जाण्याची जागा आहे आणि प्रत्येक टप्प्यावर हवा बदलते. वर गावाच्या बाजूला धारेचं गोडं पाणी पडतं. तिथे ओल्या दगडाचा, शेवाळाचा, भिजलेल्या कपड्यांचा आणि उदबत्तीचा वास. थोडं खाली उतरलं की झाडी दाट होते. सीताफळाचं पान चुरगाळून नाकाशी धरा, उग्र आणि हिरवा वास येतो, गोड फळाशी त्याचा काही संबंध लागत नाही. मग पडकी देवळं. आत पाऊल टाकलं की वटवाघळांच्या विष्ठेचा तिखट दर्प डोळ्यांत झोंबतो. तिथून बाहेर आलं की पुन्हा मोकळी हवा आणि वेड्या बाभळीची रांग. तिच्यापलीकडे चिखल.

चिखलाशी पोचलं की तळ्याचा खरा वास. पाण्यात निळं-हिरवं शेवाळ भरपूर माजतं, काठाला लागतं, कुजतं. चिखलातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. पर्यटक नाकाला रुमाल लावतात. तो लावू नये असं मला वाटतं, निदान पहिली दोन मिनिटं तरी. कारण दोन-चार मिनिटांत नाकाला त्या वासाची सवय होते आणि त्याच्याखालचे वास वर येऊ लागतात: खारट, थोडासा साबणासारखा, मागे राखेसारखं काहीतरी. काठालाच कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. हळद, कुंकू, नारळ, झेंडू आणि कापूर या सगळ्यांना तळ्याच्या त्या दर्पातून वाट काढत माणसाच्या नाकापर्यंत यावं लागतं. कापूर शहरातल्या देवळात जसा जाणवतो त्याहून तिथे कितीतरी धारदार लागतो. शेजारी काय आहे त्यावर वासाचं रूप ठरतं, हे गंधकलेचं पहिलं सूत्र इथे फुकटात शिकायला मिळतं.

सुगंधाची विद्या आणि लोणार या दोन्ही गोष्टी अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’ या एकाच ग्रंथात सापडतात. एका भागात अकबराच्या खुशबूखान्याची व्यवस्था, अत्तरांच्या कृती, अंबर-कस्तुरीचे भाव; दुसऱ्या भागात वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारात लोणारचं वर्णन, ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात अशी नोंद आणि तिथे काच व साबण करायचे क्षार मिळतात ही माहिती. लोणारचे हे क्षार पुढेही काढले जात. डल्ला, पापडी, खुप्पल, भुस्की अशी त्यांची नावं होती. बादशाहीला लोणारहून हवं होतं ते मळ काढणारं द्रव्य, आणि सुगंध हवा होता तो दुसरीकडून. तळ्याच्या स्वतःच्या वासाची नोंद कुणी करावी असं त्या काळात कुणाला वाटलं नाही. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर छायाचित्रं फिरली, पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले गेले, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आल्याचं निष्पन्न झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाणी गुलाबी असताना तळ्याचा वास बदलला होता का, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कुणी विचारलेला मला आढळला नाही.

पण माझ्या मते या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गंधकला सैलानीतही नाही आणि लोणारातही नाही. ती दारात आहे. पहाटे अंगण झाडून बाई सडा टाकते. शेण बादलीत हातानं फोडायचं, त्यातल्या काड्या वेचून टाकायच्या, पाणी बेतानं घालून कालवायचं आणि ओंजळीनं, मनगटाच्या एका झटक्यात, अर्धवर्तुळात शिंपडायचं. फार पातळ झालं तर धूळ बसते पण वास उठत नाही. दाट झालं तर डाग पडतात. शेण कालचं आहे की आजचं, जनावर हिरव्या चाऱ्यावर आहे की सरकीच्या ढेपेवर, यावरून वास पालटतो आणि तो तिला नेमका कळतो. सडा पडला की कोरड्या मातीचा आणि शेणाचा मिळून जो वास उठतो तो पाच-दहा मिनिटांत ओसरतो, पण तेवढ्यात अख्खी आळी जागी झालेली असते. मग त्यावर रांगोळी. रांगोळीला आपण कला म्हणतो. तिच्या स्पर्धा घेतो, पुस्तकं छापतो, कलाशाळेत भूमी-अलंकरण म्हणून शिकवतो. सड्याला मात्र काम म्हणतो. एकाच बाईनं, एकाच पहाटे, त्याच दोन हातांनी केलेल्या कृतीचे आपण दोन तुकडे केले आणि डोळ्याचा तेवढा तुकडा कलेत घेतला.

ओल्या मातीचा तो वास शास्त्रज्ञांनीही मनावर घेतला आहे. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यावर ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. उत्तर प्रदेशात भाजलेल्या मातीपासून, चंदनाच्या तेलात धरून, मातीचं अत्तर काढतात याची त्यांना माहिती होती. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि माणसाचं नाक ते एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी ओळखतं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर मृगाचा पहिला शिडकावा झाला की ज्या वासानं माणूस कामधंदा सोडून दाराशी येतो, सडा त्याचीच लहानशी आवृत्ती रोज सकाळी तयार करतो. आता अंगणं सिमेंटची झाली, पुढे पेव्हर ब्लॉक आले, गोठ्यातली जनावरं कमी झाली. सिमेंटवर पाणी मारलं तर धूळ बसते. वास उठत नाही.

बाहेरच्या जगात काय चाललं आहे ते थोडक्यात सांगतो, पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर आहे. नॉर्वेच्या सिसेल टोलास यांनी तीव्र भीतीचा अनुभव असलेल्या पुरुषांच्या घामाचे नमुने घेऊन तो वास प्रयोगशाळेत पुन्हा बांधला, सूक्ष्म कुप्यांत भरून भिंतीच्या रंगात मिसळला आणि २००६ साली अमेरिकेत एमआयटीच्या कलादालनात मांडला. भिंत पांढरी, रिकामी. हात लावला, घासला, की वास सुटतो. बाझेलच्या टिंगली संग्रहालयानं २०१५ मध्ये वासावरच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०२१ साली अनिका यी यांनी टर्बाइन हॉलमध्ये हवेत तरंगणारे जीवसदृश आकार सोडले आणि त्यासोबत त्या नदीकाठच्या परिसराच्या वेगवेगळ्या कालखंडांचे वास. ही कामं मला मोलाची वाटतात. टोलास यांच्या भिंतीबद्दल वाचताना मला सारवलेली भिंत आठवली हेही खरं, आणि ही आठवण इथल्या वाचकाला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडावी.

वास ही कलाकृती मानायची का, याचा निवाडा न्यायालयांनाही करावा लागला. लँकोम कंपनीच्या एका अत्तराच्या नकलेवरून वाद झाला तेव्हा २००६ च्या जून महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अत्तराच्या वासाला लेखकाच्या कृतीसारखं संरक्षण मिळू शकतं. त्याच आठवड्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात नेमकं उलट सांगितलं: वास बनवणं हे कारागिरीचं काम, त्याला स्वामित्वहक्क नाही. अत्तराचा देश म्हणवणाऱ्या फ्रान्सनं असं म्हणावं, यावर खूप लिहिलं गेलं. सैलानीच्या संदलाला, दारच्या सड्याला मालक कोण, हा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. त्या कृती वर्षानुवर्षं करून टिकतात, कुणाच्या नावावर नोंदवून नव्हे. गंधकलेची ही दुसरी रीत या पुस्तकात जागोजागी भेटेल आणि मला ती जास्त भक्कम वाटते.

सार्वजनिक जागेतल्या वासाची एक अडचण मात्र चित्रासारख्या कलेला नाही. चित्र आवडलं नाही तर मान वळवता येते. वास नाकारता येत नाही. माणसाला श्वास घ्यावाच लागतो. म्हणून इथे कलावंताची जबाबदारी फार वाढते. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये, हॉटेलांच्या दिवाणखान्यांत यंत्रांतून ठराविक सुगंध सोडला जातो तो गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून. तिथे माणसाला विचारलेलं नसतं. दम्याच्या माणसाला, गर्भवती बाईला तो सुगंधही छळतो. आणि दुसरं टोक अधिक जुनं, अधिक निर्दय आहे. मेलेलं जनावर ओढणं, कातडं कमावणं, गावाची घाण काढणं ही कामं ज्यांच्यावर लादली, त्यांनाच वासाचं कारण देऊन गावकुसाबाहेर ठेवलं. दलित आत्मकथनांनी हे आपल्यासमोर लख्ख मांडलं आहे. आजही गावाचा कचरा टाकायची जागा कुणाच्या घराजवळ ठरते ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. तेव्हा एखाद्या चौकात सुगंधाची कलाकृती मांडण्याआधी त्या चौकात आज कुठला वास आहे, तो कुणी सोडला आणि कुणाला भोगावा लागतो, हे विचारलंच पाहिजे. नाल्यावर गुलाबपाणी शिंपडणं ही कला नव्हे.

या कसोटीवर मला वारीतला बुक्का फार मोठा वाटतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, जवळजवळ महिनाभर चालते. बुक्का काळा, सुगंधी, नागरमोथा-कचोऱ्यासारख्या मुळांचा आणि चंदनाचा वास असलेला. तो एक माणूस दुसऱ्याच्या कपाळाला लावतो. अनोळखी माणूस पुढे होतो, तुम्ही कपाळ पुढे करता, मग तो बोट टेकवतो. हा क्षणभराचा होकार त्या वासातच सामावलेला आहे. वास घेणाऱ्यानं मान तुकवून तो मागितलेला असतो. जगभरचे गंधकलावंत संमतीचा प्रश्न सोडवायला दारावर सूचना लावतात, वेगळ्या खोल्या करतात. वारकऱ्यांनी तो एका बोटानं सोडवला.

जिल्ह्यातले बाकीचे वास मी इथे नुसते उल्लेखून जातो. शेगाव स्थानकावर गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून येणारा कचोरीचा वास, जिची सुरुवात १९५० मध्ये स्थानकावरच झाली. खामगावच्या जिनिंगमधला कापसाच्या धुळीचा आणि सरकीच्या तेलाचा वास, ज्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा काढला. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, चैत्रात पहाटे मोहाच्या फुलांचा सडा पडतो तेव्हाचा आंबूस-गोड वास. यातले काही वास कारखान्यासारखेच एक दिवस बंद होतील. मुंबईत विलेपार्ल्याला पार्लेचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला तेव्हा स्थानकावर उतरणाऱ्या पिढ्यांनी ओळखलेला भाजल्या बिस्किटाचा वास त्याच्याबरोबर गेला. तो कुणी जपून ठेवला नाही, कारण तो जपण्याजोगा आहे असं तो असताना कुणाला वाटलं नाही.

जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं २००१ मध्ये देशातल्या शंभर गंधस्थळांची यादी केली. लोकांकडून शेकडो सूचना मागवल्या, त्यांतून निवड केली. त्या यादीत समुद्र आणि फुलबागा आहेतच, पण टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांची गल्ली आहे आणि ओसाकातलं भाजलेल्या मांसाच्या वासाचं बाजारस्थळही आहे. असं काम एका जिल्ह्यात सहज होऊ शकतं आणि बुलढाण्यासारखा जिल्हा त्यासाठी शोधून सापडणार नाही. घाटावर आणि घाटाखाली हवा वेगळी, माती वेगळी. पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची जमीन एकीकडे आणि पैनगंगेच्या उगमाकडचा डोंगर दुसरीकडे. शाळा-महाविद्यालयांतली मुलं हे करू शकतात. यंत्रं लागत नाहीत. वही लागते आणि विचारायची तयारी लागते: संदलाचं चंदन उगाळणाऱ्यांना, बुक्का दळणाऱ्यांना, दर्ग्याबाहेर अत्तराचं खोकं घेऊन बसणाऱ्यांना, आणि सगळ्यात आधी त्या म्हाताऱ्या बायकांना, ज्यांनी मातीच्या अंगणात सडा टाकला आहे आणि आता सिमेंटच्या अंगणात नुसतं पाणी मारतात. लोणारची नोंद तर लगेच व्हायला हवी, कारण काठावरची वेडी बाभूळ काढायचं काम झालं आहे, पुढेही होईल, आणि झाडं बदलली की उतारावरची हवाही बदलणार. नोंद करताना महिना, वेळ, वाऱ्याची दिशा आणि आदल्या दिवशी पाऊस होता का एवढं लिहावं. पुढच्या प्रकरणांत अशा काही नोंदींचे नमुने दिले आहेत. ते कोष्टकाच्या रूपात आहेत आणि शेवटचा रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे, ज्याच्या दारचा तो वास आहे त्याच्या शब्दांत तो भरता यावा म्हणून.